टॅबची बॅटरी दुपारीच का उतरते

१२ फेब्रुवारी

आज पुन्हा टॅब दुपारीच बंद पडला. मी कामावरून आलो तेव्हा ही खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसलेली आणि समोरच्या स्टँडवर नुसती काळी काच. हिची देखभाल करायला दिवसा मावशी येतात, त्या म्हणाल्या, जेवणं झाली आणि थोड्या वेळात गेलाच. म्हणजे तेव्हापासून ही मुकी. वर पाहिलं की हो, डोळे मिटले की नाही, एवढ्यावर उरलेला दिवस काढायचा.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, वही करा, श्वास कसा आहे, गिळणं कसं आहे, रोज लिहून ठेवा. वही आणली. पण श्वासाबद्दल मी काय लिहिणार? तो कालच्यासारखाच दिसतो आणि कालच्यापेक्षा कमी असतो. त्यापेक्षा ज्यातलं मला कळतं ते लिहितो. मी चार्जर बनवणाऱ्या कंपनीत तपासणी विभागात आहे. उभी हयात अ‍ॅडॅप्टर तपासण्यात गेली आणि घरचा एक टॅब संध्याकाळपर्यंत पोचवता येत नाही.

हिचा आजार असा की स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच वाळत जातात. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ. डोळे राहिले. टॅबच्या खालच्या बाजूला कॅमेरा आहे, तो बुबुळांवर लक्ष ठेवतो. ही ज्या अक्षराकडे टक लावते ते उमटतं, वाक्य पुरं झालं की टॅबमधली बाई ते मोठ्यानं वाचते. बाईला 'ळ' म्हणता येत नाही. हिनं पहिल्याच आठवड्यात लिहिलं होतं, "ही बाई कुठल्या शाळेत शिकली?" बाईनं तेसुद्धा "शालेत" असं वाचलं. त्या दिवशी आम्ही दोघं हसलो होतो. ही डोळ्यांनी.

आजारापूर्वी मला अहो-जाहो करायची. टॅब आल्यापासून मी 'तू' झालो. अक्षरं कमी लागतात.

१४ फेब्रुवारी

अ‍ॅडॅप्टर कामावर नेला आणि लोडवर, म्हणजे हवा तेवढा करंट ओढून बघणाऱ्या यंत्रावर, लावला. वीस व्होल्ट. मोकळा ठेवला तरी वीस, पूर्ण करंट ओढला तरी वीसच्या किंचित खाली. मर्यादेपेक्षा जास्त ओढून बघितलं, तर शहाण्यासारखा बंद झाला, मग जरा वेळानं डोकावून बघितल्यासारखा चालू, परत बंद. असंच व्हायला हवं. भिंतीतून येणारी वीज दांडगी असते आणि उलटसुलट धावते. अ‍ॅडॅप्टर आधी ती सरळ करतो, मग सेकंदात हजारो वेळा तोडून तिचे तुकडे करतो आणि लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून खाली उतरवतो. बाहेर जाणाऱ्या व्होल्टेजवर एक भाग सतत नजर ठेवून असतो. जरा वाढलं की आत निरोप जातो, तुकडे बारीक कर. जरा घटलं की मोठे कर. दिवसभर त्याचं हेच चाललेलं असतं. हा आपलं काम चोख करतोय.

शेजारच्या टेबलावरच्या फ्यूजनं विचारलं, घरचा का? त्याचं खरं नाव आता कुणी घेत नाही, पटकन तापतो आणि उडतो म्हणून फ्यूज. म्हटलं, घरचा. वहिनी कशा आहेत, असं त्यानं पुढे विचारलं. मी म्हटलं, अ‍ॅडॅप्टर तर पास झाला.

१६ फेब्रुवारी

सापडलं! केबल. कामावर मी तिथलीच केबल वापरली होती, म्हणून सगळं बरोबर आलं. घरच्या केबलमधली एक बारीक तार अर्धवट तुटली आहे, धड निरोप नेत नाही. भिंतीत लावल्याबरोबर अ‍ॅडॅप्टर आधी फक्त पाच व्होल्ट देतो. मग त्या बारीक तारेवरून त्याची आणि टॅबची बोलणी होतात. हा सांगतो, माझ्याकडे पाच आहेत, नऊ आहेत, पंधरा आहेत, वीस आहेत. टॅब मागतो, वीस दे. बोलणीच झाली नाहीत तर तो आपला पाचावरच बसून राहतो, आणि टॅब रात्रभरात जेमतेम अर्धा भरतो. मागितल्याशिवाय जास्त द्यायचं नाही, हा नियमच आहे, नाहीतर समोरची वस्तू जळायची.

येतानाच नवी केबल घेऊन आलो. आलो तेव्हा हिचा टॅब चुकून अजून चालू होता आणि ही लिहायला लागली होती. "मला तुझ्याशी" एवढं उमटलं होतं. म्हटलं, एक मिनिट थांब, आधी केबल बदलतो, बघ तर खरं काय फरक पडतो. बदलली. पडद्यावर वेगवान चार्जिंगची खूण आली. इतकं बरं वाटलं! हिला म्हटलं, हं, बोल आता. हिनं लिहिलं, "राहू दे."

२० फेब्रुवारी

हिला दवाखान्यात नेऊन आणलं. श्वासाची ताकद गेल्या वेळेपेक्षा बरीच उतरली आहे. सध्या झोपताना श्वासाला मदत करणारा मास्क लावतो, तो लवकरच पुरणार नाही. डॉक्टर म्हणाले की आता गळ्याला छेद देऊन तिथून श्वासाचं मशीन कायमचं जोडायचं की नाही, ते ठरवायला हवं. मशीन लावलं तर काही वर्षंही मिळू शकतात, पण हालचाल परत येणार नाही, पुढे डोळेही जाऊ शकतात. आणि नाही लावलं तर, असं म्हणून ते थांबले.

मी सांगून टाकलं, जे जे करता येईल ते सगळं करायचं. डॉक्टरांनी हिच्याकडे वळून विचारलं, तुम्हाला काय वाटतं? टॅबमध्ये थोडीच बॅटरी उरली होती, परतीच्या वाटेवर लागली तर हवी म्हणून मी तो बंद करून पिशवीत ठेवला होता. म्हटलं, आमचं दोघांचं एकच मत आहे. ही डोळे घट्ट मिटून बसली होती. प्रवासानं दमली असावी.

२७ फेब्रुवारी

नवी केबल आहे, टॅब सकाळी शंभर टक्के भरलेला असतो, तरी दुपार कलता कलता मान टाकतो. आता संशय बॅटरीवर. पण टॅब सांगतो की बॅटरी उत्तम आहे. मग जातं कुठे सगळं?

मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, वापरतात ना वहिनी. म्हटलं, काय वापरणार ती? मी घरी असतो तेव्हा तर हो, नाही आणि बरं, यापलीकडे एक शब्द नसतो तिचा. मावशींनी माझ्याकडे बघितलं आणि भांडी घासायची राहिली आहेत म्हणून आत गेल्या. भांडी घासलेली होती.

चार्जिंगला लावूनच वापरावा तर टॅब तापतो, तापला की कॅमेऱ्याला बुबुळं सापडत नाहीत, 'क' बघितलं की 'ख' उमटतं. ही वैतागते. तेही जमणार नाही.

६ मार्च

थोरला अ‍ॅडॅप्टर आणला, जास्त करंटचा. दुपारी ही झोपते तेवढ्या वेळात मावशींनी टॅब लावायचा, म्हणजे थोडक्या वेळात बराच भरेल. मावशी हात लावायला तयार होईनात. एवढा मोठा चार्जर, टॅब फुटला तर? त्यांना समजावलं की अ‍ॅडॅप्टर करंट कोंबत नसतो. तो व्होल्टेज धरून ठेवतो, करंट किती घ्यायचा ते टॅब ठरवतो, स्वतःला झेपेल तेवढाच घेतो. भरत आला की हळूहळू कमी घेतो आणि शेवटी नको म्हणतो. अ‍ॅडॅप्टर कितीही दांडगा असला तरी नको म्हटल्यावर त्याला देता येत नाही.

ही ऐकत होती. लिहिलं, "छान सांगितलंस." थोड्या वेळानं, "परत सांग." मी परत सांगितलं. ही माझ्याकडे बघत राहिली. एरवी माझ्या कामात हिला कधी रस नसायचा.

९ मार्च

लेक आली, न कळवता. ती दुसऱ्या गावी नोकरी करते, सुट्टी काढून आली म्हणाली. आल्या आल्या आईच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. मी बाहेर थोरल्या अ‍ॅडॅप्टरची तार बसवत होतो. आतून बाईचा आवाज येत होता, बराच वेळ, एकामागून एक वाक्यं. शब्द कळत नव्हते, 'ळ' चुकतोय एवढं कळत होतं. बाई इतकं सलग बोलते हे मी पहिल्यांदाच ऐकलं. मनात आलं, स्पीकरच बॅटरी खात असणार. लेक बाहेर आल्यावर आत जाऊन आवाज कमी करून ठेवला.

लेकीचे डोळे लाल होते. मला म्हणाली, बाबा, तुम्ही जरा आईजवळ बसत जा. म्हटलं, अगं, तिच्यासाठीच तर चाललंय सगळं.

१४ मार्च

मी मीटर लावून बघणारा माणूस. टॅबच्या सेटिंगमध्येच बॅटरीचा आलेख असतो, हे मला आज फ्यूजनं सांगितलं. घरी येऊन बघितला.

सकाळी मी बाहेर पडलो की रेघ जी घसरायला लागते ती टॅब बंद पडेपर्यंत घसरतच जाते. मी घरी असतो त्या वेळात, रविवारी तर दिवसभर, रेघ जवळजवळ आडवी. बिघाड असा नसतो. बिघाडाला माणूस घरी आहे की नाही ते कळत नाही.

मावशी निघायच्या बेतात होत्या. त्यांना थांबवून विचारलं. त्या दाराशी घुटमळल्या. मग पिशवी खाली ठेवली.

"दादा, वहिनी दिवसभर बोलतात हो. तुम्ही गेलात की सुरू होतात. माझ्याशी, फोनवर तुमच्या लेकीशी. लहानपणचं काय, शेजारपाजारचं काय. हसतातसुद्धा. म्हणून तर बॅटरी पुरत नाही. पण तुम्हाला सांगू नका म्हणाल्या."

मी विचारलं, माझ्याशी का नाही?

"ते तुम्ही त्यांनाच विचारा," असं म्हणून त्या गेल्या.

बॅटरी ठणठणीत आहे. अ‍ॅडॅप्टर ठणठणीत आहे. केबल नवी आहे.

१५ मार्च

रविवार. टॅब पूर्ण भरून हिच्यासमोर लावला आणि स्टूल ओढून बसलो. विचारलं, माझ्याशी का बोलत नाहीस?

हिला एक वाक्य लिहायला फार वेळ लागतो. इतका लागतो हे मला नीटसं माहीत नव्हतं. अक्षर सापडेपर्यंत बुबुळ थरथरतं, चुकलं की मागे जायचं, परत शोधायचं. मधे दोनदा माझा हात कॅमेऱ्याकडे गेला, जरा तिरका वाटत होता. मागे घेतला.

"बोलायला लागले की तू दुरुस्त करायला बसतोस."

मी काहीतरी सांगायला गेलो. ही परत लिहायला लागली होती, म्हणून गप्प बसलो.

"मला गळ्याला भोक नको. मशीन नको. पोरीला सांगितलंय. तिच्याकडून डॉक्टरांनाही."

बाईनं "गल्याला" म्हटलं. कुणालाच हसू आलं नाही.

मला सगळ्यात शेवटी का, असं विचारलं. खरं म्हणजे ओरडलोच. ही बराच वेळ अक्षरांकडे न बघता माझ्याकडे बघत होती. मग लिहिलं.

"तुला सांगणं सगळ्यात अवघड होतं."

मी बाहेर निघून गेलो. रस्त्यानं कुठपर्यंत चालत गेलो आठवत नाही. परत आलो तेव्हा टॅबमधल्या बाईची हाक ऐकून शेजारीण येऊन बसलेली, रविवारी मावशी नसतात, आणि मी कुणालाच काही न सांगता हिला तशीच टाकून गेलो होतो हे तेव्हा लक्षात आलं.

२९ मार्च

लिहिण्यासारखं काही चांगलं नाही. डॉक्टरांकडे एकटा जाऊन आलो. म्हटलं, ती दमली आहे म्हणून नको म्हणते, तुम्ही समजावा. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. मग सांगितलं की तिनं विचार करूनच ठरवलंय आणि ठरवायचा हक्क तिचा आहे. तिला त्रास होऊ नये म्हणून जी औषधं लागतील ती आपण देऊ, घरीच. मी विचारलं, आणि मी काय करायचं? ते म्हणाले, जवळ राहा. एवढ्या शिकलेल्या माणसाकडून मी दुसरं काहीतरी ऐकायला गेलो होतो.

लेकीशी फोनवर भांडलो. माझ्या पाठीमागे तुम्ही दोघींनी ठरवलंत, असं म्हटलं. ती रडली नाही, चिडलीही नाही. म्हणाली, "बाबा, पाठीमागे नाही. तुम्ही तोंड फिरवून बसला होतात."

हिच्याशी तीन-चार दिवस मी धड बोललो नाही. माझ्याकडे एवढे दिवस शिल्लक असल्यासारखा.

४ एप्रिल

कामावर रजा सांगितली. साहेबांनी किती दिवसांची विचारलं, मी म्हटलं, माहीत नाही. फ्यूज फाटकापर्यंत आला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला की घरी काही बिघडलं तर बोलाव, मी येईन. मग स्वतःच ओशाळला आणि माझी पिशवी रिक्षापर्यंत उचलून आणली.

आता दिवसभर घरी आहे. ही थोडं थोडं बोलते माझ्याशी. काल मावशींनी केस विंचरल्यावर विचारलं, "कशी दिसते?" मी म्हटलं, चांगली. "खोटारडा." मी बसून राहिलो. बसून राहणं मला जमत नाही. पायाला मुंग्या येतात, हात काहीतरी शोधत असतात. तरी बसतो.

१९ एप्रिल

डोळे थकायला लागले आहेत. पापण्या अर्ध्यावर येतात आणि कॅमेऱ्याला बुबुळ सापडत नाही. दिवसाकाठी चार वाक्यं, कधी दोन.

आज संध्याकाळी पाहिलं, टॅबमध्ये ऐंशी टक्के बॅटरी शिल्लक होती. फ्यूजचा नेमका तेव्हाच फोन आला. टॅबचं काय झालं, पुरतो का आता संध्याकाळपर्यंत? म्हटलं, पुरतो. तो म्हणाला, चला, एक काळजी मिटली.

मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहिलो, आवाज हिच्यापर्यंत जाऊ नये म्हणून.

२ मे

लेक येऊन राहिली आहे. डॉक्टर घरी येऊन गेले, औषध वाढवलं.

दुपारी लेक जरा आडवी झाली होती, मी एकटाच जवळ होतो. हिनं माझ्याकडे पाहिलं, मग टॅबकडे. मी टॅब समोर घेतला, स्टँड खाली घेतला, पापणी माझ्या बोटानं हलकेच वर धरली. मावशींनी शिकवलं होतं तसं. ही लिहायला लागली.

एका अक्षरासाठी इतका वेळ की बाहेर रस्त्यावर कुणीतरी भाजी विकत आला, पूर्ण गल्ली फिरला आणि गेला. मी हललो नाही. मला वाटत होतं, मला काहीतरी सांगते आहे. एवढ्या वर्षांचं काहीतरी. पहिलं अक्षर 'उ' आलं. उ वरून काय काय सुरू होतं ते मी मनात चाचपत होतो.

"उशी खाली."

उशी उंच झाली होती, मान अवघडली होती. मी उशी खाली घेतली. तेवढंच म्हणायचं होतं तिला.

५ मे

ही काल सकाळी गेली. त्रास झाला नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी जवळ होतो.

३० मे

लेक परत गेली. चला म्हणत होती, मी गेलो नाही. पुढच्या आठवड्यापासून कामावर जायचं आहे. घरात मी बोलतच नाही, त्यामुळे घसा बसल्यासारखा झालाय, सकाळी दूधवाल्याला हाक मारली तर आवाज फुटेना.

आज मावशी आल्या होत्या. त्यांना दुसरीकडे काम लागलंय, एका आजोबांना सांभाळायचं. त्या वाटेत डोकावल्या. मी चहा केला. त्या माझ्या हातचा चहा पहिल्यांदाच प्यायल्या, साखर विसरलो होतो, तरी संपवला.

त्यांनी कप विसळून ठेवला. मग मी विचारलं, दुपारी काय बोलायची ती?

मावशींनी आठवून आठवून सांगितलं. बहिणीशी झालेलं भांडण. लेक लहान असताना तिला ताप आला होता ती रात्र. शाळेतल्या कुणा मैत्रिणीनं केलेली फजिती. बाकीचं त्यांना आठवेना. रोजचंच बोलणं ते, म्हणाल्या, मी काम करता करता ऐकायचे, लक्षात ठेवायला हवं हे तेव्हा कुठे माहीत होतं.

मग म्हणाल्या, "एक मात्र वहिनी कितीदा तरी सांगायच्या. तुमचंच आहे. लग्नाला थोडेच दिवस झाले होते. तुम्ही दोघं कुठूनतरी चालत येत होतात, भर उन्हात, आणि वहिनींच्या चपलेचा अंगठा तुटला. वहिनींना वाटलं, आता हे रस्त्यात बसून चप्पल शिवत बसणार. तर तुम्ही काही न बोलता आपले बूट काढले, हातात घेतले, आणि त्यांच्याबरोबर अनवाणी चालायला लागलात. घरापर्यंत. पाय भाजत होते दोघांचे, आणि वहिनींना हसू आवरत नव्हतं."

मला हे आठवत नाही. मावशींसमोर डोळे मिटून बघितलं. कुठला रस्ता, कुठलं ऊन, कुठले बूट, काहीच येत नाही. तिनं ते इतक्यांदा सांगितलं, म्हणजे घडलं असणार. मला त्यातलं काहीही आठवत नाही.

मावशी उठायला लागल्या, त्यांचे आजोबा वाट बघत असतील. मी म्हटलं, मावशी, जरा बसा. मघाची ती गोष्ट पुन्हा एकदा सांगा.

त्या बसल्या आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितली.